जानकीमावशींचे धवले आणि साडेचारशे वॅटचा डबा

स्क्रीनवर जानकीमावशींचं तोंड अर्धं उघडं राहिलं, आवाज एकाच अक्षरावर घरघरला आणि कॉम्प्युटर बंद पडला. दोन सेकंदांनी आपोआप पुन्हा सुरू झाला. त्या संध्याकाळी हे चौथ्यांदा होत होतं.

खऱ्या जानकीमावशी माझ्या शेजारीच प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी आधी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. बोलल्या काहीच नाहीत. त्यांच्या घशात गाठ होती, कॅन्सरची. येत्या मंगळवारी मुंबईत ऑपरेशन होतं आणि त्यात स्वरयंत्रच काढून टाकणार होते. तोपर्यंत शक्यतो बोलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आज गुरुवार होता.

"ताय, परत बंद परला," त्यांचा मुलगा नरेश म्हणाला.

"दिसतंय मला," मी म्हणाले. चूक माझी असली की मी अशीच बोलते.

मी पनवेलला कॉम्प्युटर असेंबल करते. म्हणजे सुटे भाग आणून जोडते, बिघडले तर दुरुस्त करते. दुकान बाजारात, पहिल्या मजल्यावर आहे. सुरुवातीला लोक जिना चढून येत आणि विचारत, "मॅडम, साहेब कुठे गेलेत?" मी म्हणायचे, "साहेब नाहीत, बोर्डावर लिहिलंय ते नाव माझंच आहे." पुढे पुढे सवय झाली, त्यांनाही आणि मलाही. ही गोष्ट दोन हजार अकरा-बारा सालातली. तोवर धंद्यात बरीच वर्षं काढली होती आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याइतका अनुभव गाठीला जमला होता.

नरेश दुकानात आला तो आधीच्या शनिवारी. चाळिशी ओलांडलेला, धिप्पाड माणूस. द्रोणागिरीकडच्या एका कंटेनर यार्डात क्रेन चालवायचा, राहायला तिथूनच जवळ, खाडीकाठच्या गावात. खांद्यावर कॅबिनेट घेऊन जिना चढला आणि ते टेबलावर ठेवून म्हणाला, "ताय, यात चांगला ग्राफिक्स कार्ड टाकाचा हाय. व्हिडिओ अटकतंय."

मी विचारलं, "बजेट किती?"

त्याने आकडा सांगितला. बेताचाच होता.

"व्हिडिओ कसला?"

"आईची गानी हायेत. एचडी."

मी पुढचा प्रश्न विचारला तो मेमरीचा. त्याच्या पुढचा प्रोसेसरचा. हे आठवलं की अजून कानशिलं गरम होतात.

बाकीचं त्यानेच, मी स्क्रू काढत असताना सांगितलं. त्याची आई धवलारीण. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारणीचा मान मोठा. मांडव, हळद, तेल, देवक, एकेका विधीला तिचं एकेक गाणं ठरलेलं असतं. त्यांना धवले म्हणतात. ती गाते तसतसं लग्न पुढे सरकतं. जानकीमावशींनी पन्नासेक वर्षं आसपासच्या गावांतली लग्नं लावली होती. लिहिता-वाचता येत नाही, सगळं तोंडपाठ. आता आवाज जाणार म्हटल्यावर नरेशने मेव्हण्याचा हँडीकॅम आणला आणि तीन संध्याकाळी आईला गायला बसवलं. अठ्ठेचाळीस क्लिप झाल्या. पण लग्न समोर नसताना गायचं म्हणजे जे जसं आठवेल तसं. हळदीनंतर मांडव, मांडवानंतर पाठवणी, मग पुन्हा हळद. सगळी सरमिसळ.

"मे महिन्यान् माज्या पोरीचा लगीन हाय," नरेश म्हणाला. प्राची त्याची एकुलती एक मुलगी. "नातीच्या लग्नान् आजीचाच आवाज लागला पायजे. पन कंचा गाना कवा, ता फकस्त आईला म्हाईत. तिनी सांगाचा आनि आमी लावाचा. ऑपरेशन व्हवाच्या आधी."

म्हणजे काम असं होतं: एकेक क्लिप लावायची, मावशींनी ती कुठे बसते ते सांगायचं. ऑपरेशननंतर त्यांना बोलता येणार नाही आणि लिहिता तर येतच नाही. हँडीकॅम परत गेला होता. क्लिप होत्या त्या फक्त या कॉम्प्युटरवर, आणि तो एचडी चित्राला झेपत नव्हता. चित्र अडखळायचं, त्याच्याबरोबर आवाजही तुटायचा.

इथे दोन शब्द समजावून सांगते. ग्राफिक्स कार्ड म्हणजे स्क्रीनवर चित्र काढायचं काम प्रोसेसरच्या डोक्यावरून उतरवून स्वतःकडे घेणारी पाटी. एचडी व्हिडिओ जुन्या मशीनवर अडखळत असेल तर ही पाटी घातल्यावर सुरळीत चालतो. आणि एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यातला पत्र्याचा डबा. घरातला दोनशेतीस व्होल्टचा करंट घेऊन तो आतल्या भागांना झेपेल असा, बारा-पाच व्होल्टचा करून वाटतो. घरात जेवण वाढणाऱ्या बाईकडे जसं कुणाचं लक्ष नसतं, तसं या डब्याकडेही नसतं. तो किती वॅट देऊ शकतो यावर बाकी सगळ्यांचं पोट अवलंबून असतं.

माझ्यासमोर दोन कार्डं होती. एक नवं, छोटं. पंखा नसलेलं, कमी करंट खाणारं. दुसरं मोठं, जुनं, खारघरच्या एका गेम खेळणाऱ्या मुलाने एक्स्चेंजमध्ये दिलेलं. त्याला एसएमपीएसकडून करंटची वेगळी वायर लागायची. नरेशच्या कामाला छोटं पुरेसं होतं. मी मोठं सुचवलं. "पुढे एडिटिंग कराल, तेव्हा उपयोगी पडेल," म्हणाले. खोटं कशाला बोलू, दोन महिने कपाटात पडलेलं ते कार्ड निघत होतं, हेही मनात होतंच.

नाकापेक्षा मोती जड. मोठं कार्ड घातलं म्हणजे जुना एसएमपीएस पुरणार नाही, नवा हवा. उरलेल्या पैशांत साडेचारशे वॅटचं लेबल लावलेला एक लोकल डबा बसत होता. लोकल डब्यांची लेबलं थापा मारतात, हे धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग चांगला-वाईट ओळखायचा कसा? हातात घेऊन. चांगल्या डब्यात तांब्याचा ट्रान्सफॉर्मर मोठा, उष्णता ओढून घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या जाड, म्हणून तो जड लागतो. भिकार डबा हलका. माझे उस्ताद मुश्ताकभाई, ज्यांच्याकडे मी हे काम शिकले, ते म्हणायचे, "बेटा, लेबल झूठ बोलता है, वज़न नहीं बोलता." मी वर्षानुवर्षं असेच डबे घेतले होते. तळहातावर ठेवायचा, दोनदा वरखाली करायचा, की झालं.

हा डबा चांगला दणदणीत होता. मी तो नरेशच्या हातात दिला. "बघा वजन."

त्याने तो एका हाताने झेलला आणि हसला. "ताय, वजन बराबर म्हंजे माल बराबर, असा नाय हां. आमच्या यार्डान् कंटेनर येतात, काट्यावर वजन एकदम बराबर. उघरला का आतमधी दगरा."

"तुमचा कंटेनर वेगळा, माझा डबा वेगळा," मी म्हणाले.

तोही हसला, मीही हसले. रविवारी मशीन जोडलं, दुकानात तासभर नुसतं सुरू ठेवून बघितलं. झकास चाललं. सोमवारी मी ते स्वतः घेऊन गेले. खरं तर पोचवायला मी जात नाही. पण मावशींबद्दल ऐकलं होतं आणि त्यांना बघायचं होतं.

पनवेलहून तिकडे स्कूटीवर जाणं म्हणजे ट्रेलरच्या चाकांशेजारून जीव मुठीत धरून जाणं. गावात शिरलं की खाडीचा वास आणि हवेत खारटपणा. या हवेत तांब्याला सहा महिन्यांत काळिमा धरतो. घर नवं, दुमजली. सरकारने जमीन घेतली तेव्हाच्या पैशातून बांधलेलं. मावशी अंगणात बसल्या होत्या. बारीक, काळ्यासावळ्या, गळ्याभोवती सुती पंचा. मी "कशा आहात मावशी?" म्हटल्यावर त्यांनी हात हलवून "बस" अशी खूण केली. बोलणं त्या जपून खर्चत होत्या. एकेक शब्द कुणासाठी वापरायचा ते ठरवून.

त्या संध्याकाळी पहिली क्लिप लावली. चित्र लख्ख आलं. मावशींनी स्वतःलाच ऐकलं, डोळे मिटले. मग म्हणाल्या, "हा मांडवाचा. पयला." घोगरा, फाटलेला आवाज. प्राचीने वहीत लिहिलं. दुसरी क्लिप लावली. तिच्या मध्येच कॉम्प्युटर बंद पडला.

त्यानंतरचे तीन दिवस म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मंगळवारी मला वाटलं, ड्रायव्हरचा दोष, म्हणजे कार्डला चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. ते काढून पुन्हा टाकलं. दोन क्लिप चालल्या, तिसरीला बंद. बुधवारी वाटलं, खारी हवा. मेमरीची पट्टी काढून तिची टोकं खोडरबरने घासली. हा आमचा जुना इलाज, शंभरातल्या साठ रोगांवर चालतो. इथे चालला नाही. मग वाटलं, व्होल्टेज. संध्याकाळी गावात दिवे लागले की करंट खाली येतो, ते मी मीटरने मोजलंही. गुरुवारी दुकानातला यूपीएस, म्हणजे करंट पडला तर सांभाळून घेणारी बॅटरी, स्कूटीवर बांधून आणला. तरी चारदा बंद.

प्रत्येक वेळी मशीन बंद पडलं की क्लिप पहिल्यापासून. मावशींनी पुन्हा ऐकायचं, कधी कधी पुन्हा सांगायचं. मंगळवारी त्या अख्खं वाक्य बोलत होत्या. गुरुवारी एक शब्द बोलायलाही त्यांना घोटभर पाणी लागत होतं. चार दिवसांत अठ्ठेचाळीसपैकी सात गाण्यांची जागा ठरली होती. माझ्या खटपटीपायी त्यांचा उरलेला आवाज संपत होता, आणि हे मला दिसत होतं.

"तो डबा बदलून बगाचा काय?" नरेशने गुरुवारी विचारलं.

"डबा चांगला आहे," मी म्हणाले. "मी स्वतः बघून घेतलाय."

बघून कसला, उचलून घेतला होता. पण सगळ्यावर संशय घेतला, त्या डब्यावर घेतला नाही. कारण त्याच्यावर संशय घेणं म्हणजे माझ्या हातावर संशय घेणं, आणि मुश्ताकभाईंच्या शब्दावर. दुसरं मशीन नेता आलं असतं म्हणावं, तर दुकानात एचडीला झेपेल असं एकच होतं आणि ते गिऱ्हाइकाचं. पण खरं सांगायचं तर तेही नंतरचं शहाणपण. हातातल्या मशीनपुढे हरले की मला घास गोड लागत नाही.

त्या गुरुवारी मी कॅबिनेट उचलून परत आणलं. शुक्रवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि एसएमपीएसचे चार स्क्रू काढले. हा डबा घरी कुणी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या आत करंट साठून राहतो आणि चांगला झटका देतो. मी तो करंट आधी उतरवून टाकला, मग पत्रा उचलला.

आत ट्रान्सफॉर्मर होता, सुपारीएवढा. पट्ट्या होत्या, पातळ. मोठ्या कार्डाने करंट ओढला की हा डबा दम टाकणारच. आणि तळाशी, सर्किटपासून अंतर राखून, गोंदाने चिकटवलेला एक लोखंडाचा ठोकळा. कुठल्याच वायरला जोडलेला नव्हता. त्याला काहीही काम नव्हतं. माझ्यासारख्यांच्या तळहातासाठी तो तिथे बसवलेला होता.

ज्याने तो डबा बनवला त्याला ठाऊक होतं, की आम्ही लेबल वाचत नाही, वजन बघतो. मुश्ताकभाईंचं वाक्य त्याच्याही कानावर पडलेलं असणार. मी तो ठोकळा पकडीने उपटून काढला. फसवलं गेल्याचा राग आला नाही. लाज वाटली. क्रेनवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी हसण्यावारी नेलं होतं.

दुपारी चारला कॅबिनेट स्कूटीवर बांधून नरेशकडे निघाले. पिशवीत ठोकळा होता आणि त्याचा जुना एसएमपीएस. निदान मशीन सुरू तरी दिसावं म्हणून तो बरोबर घेतला. घरी पोचल्यावर ठोकळा टेबलावर ठेवला आणि जे घडलं ते सांगितलं.

नरेशने तो उचलून बघितला. "दगर," एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"उद्या सकाळी मुंबईला जाते," मी म्हणाले. "नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस आणते, माझ्या पैशाने. संध्याकाळी बसवते. रविवारी दिवसभर बसून आपण…"

"रईवारी पावनं येतील आईला बगाला," नरेश म्हणाला. "सोमवारी सकाली ॲडमिट."

प्राची वहीची पानं उलटत होती. सात गाणी सोडली तर पानं कोरी होती.

मावशींनी पंचा सैल केला, पाणी प्यायल्या आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. "बाय," त्या म्हणाल्या. मग थांबून श्वास घेतला. "मना बगाचा नाय. मना आयकाचा हाय."

मला क्षणभर काही कळलंच नाही.

"माजा थोबार मना कशाला बगाचा?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा पाण्याकडे हात केला.

मग कळलं. आणि कळल्यावर जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. गाणी होती ती. गाणी ऐकायची असतात. ती कुठे बसतात ते सांगायला चित्र लागत नाही. लग्नात वाजवायलाही चित्र लागत नाही. व्हिडिओतून आवाज वेगळा काढायचा आणि फक्त तो वाजवायचा, हे काम त्या जुन्या, अडखळणाऱ्या मशीनने नरेश माझ्याकडे घेऊन यायच्या आधीही हसत हसत केलं असतं. ग्राफिक्स कार्ड नको, नवा डबा नको. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होते, तोही ट्रेलरच्या रस्त्याने, चार दिवस.

"व्हिडिओ कसला?" असं मी विचारलं होतं. त्याने "आईची गाणी" असं सांगितलंही होतं. मी ते कानाआड केलं आणि मेमरी किती ते विचारलं.

मोठं कार्ड काढून पिशवीत टाकलं. जुना एसएमपीएस बसवला. मशीन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. आवाज वेगळा काढायचं सॉफ्टवेअर माझ्या पेनड्राइव्हवर होतं. दीड तासात अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस क्लिपचा नुसता आवाज निघाला. दिवेलागणीला आम्ही कामाला लागलो.

शुक्रवारची संध्याकाळ, शनिवारचा पूर्ण दिवस, रविवारची सकाळ. मी दुकान उघडलंच नाही. गाणं सुरू झालं की मावशी डोळे मिटायच्या. दोन ओळींतच त्यांना कळायचं. "तेलाचा." "देवकाचा." "ह्यो नवऱ्याकरचा, त्यो नको." मी फाइलला नंबर द्यायचे, प्राची वहीत लिहायची. आधी हळद मग तेल की आधी तेल मग हळद, यावर नरेश एकदा काहीतरी बोलला, तर मावशींनी त्याच्याकडे असं बघितलं की पुन्हा त्याने तोंड उघडलं नाही. शनिवार संध्याकाळपासून त्या बोटांनीच दाखवायला लागल्या. दोन बोटं म्हणजे दुसरं. तळहात उपडा म्हणजे खाली टाक.

रविवारी सकाळी शेवटाकडे आलो. मुलगी घरातून निघायची वेळ. तिथे पोचल्यावर मावशींनी हात आडवा केला. "हितं मोकला ठेव."

"एखादं गाणं राहिलंय का, मावशी?"

त्यांनी मान हलवली. हो की नाही ते मला कळलं नाही.

"किती वेळ मोकळं?"

त्यांनी प्राचीकडे बोट दाखवलं, मग दाराकडे, मग अंगणाच्या टोकाकडे. तिला चालायला लागेल तेवढा वेळ. मी पाच मिनिटांची शांतता घातली. त्याच्या पुढे एकच गाणं होतं, शेवटचं.

घरी येताना माझ्या डोक्यात तेच होतं. तिथलं गाणं त्यांना गायचं होतं, रेकॉर्ड करायचं होतं, आणि त्यासाठी लागणारा आवाज माझ्या चार दिवसांनी खाल्ला. नरेशला फोन करून विचारावं असं दहादा वाटलं. विचारलं नाही. उत्तर काय येईल याची भीती होती.

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला तो गेलाच.

मे महिन्यात लग्नाची पत्रिका घेऊन नरेश स्वतः जिना चढून आला. कार्डाचे आणि डब्याचे पैसे मी तेव्हाच परत केले होते. तो विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

लग्नाला गेले. हळदीला डीजे होता, तिकडच्या हळदीला असतोच, छातीत धडधडेल असा. पण विधी सुरू झाले की तो बंद व्हायचा आणि त्याच स्पीकरमधून जानकीमावशींचा आवाज यायचा. पेनड्राइव्हवर मी नंबर लावून दिलेला. मांडवातली माणसं बोलता बोलता थांबायची. मावशी नातीजवळ खुर्चीत बसल्या होत्या, गळ्याला पंचा. आपल्याच आवाजावर त्या हाताने खूण करायच्या, आता अक्षता, आता तेल, आणि बायका त्याप्रमाणे करायच्या. मी एका कोपऱ्यात, स्पीकरच्या वायरीजवळ बसले होते. मशीन जवळ असलं की मला लांब बसवत नाही.

मुलीची निघायची वेळ आली. गाणं संपलं आणि स्पीकर गप्प झाला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग आलं. डीजेवाल्याने घाबरून बटणं दाबायला सुरुवात केली. मागून कुणीतरी म्हणालं, "लाइट गेली काय रं?" नरेशने माझ्याकडे बघितलं. ती जागा कुठे येते हे मला पक्कं माहीत होतं, मीच तर ठेवली होती. तरी पाय आपोआप उठले आणि हात प्लगकडे गेला. इतक्या वर्षांची सवय.

मावशींनी माझ्याकडे तळहात केला. बस.

मी बसले. मांडवात चिडीचूप. प्राची उंबऱ्यावर उभी होती, खाली बघत. मला वाटलं, हीच ती जागा, माझ्यामुळे रिकामी राहिलेली. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदराने पुसलं. मावशींनी समोरच्या बायकांकडे नजर फिरवली, एकेकीकडे, आणि मांडीवर हाताने ठेका धरला. एकदा, दोनदा. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग नरेशच्या बहिणीने सुरुवात केली, घाबरत, जरा वरच्या सुरात. तिच्या शेजारणीने धरलं. मग मागच्या बायांनी. सूर कुणाचाच नीट लागत नव्हता. एकीला पुढची ओळ आठवायची नाही, दुसरी पुरवायची. मांडव भरून ते गाणं झालं, आणि ते गाणं संपेपर्यंत प्राची अंगणाच्या टोकाला पोचली होती.

तिच्या पाठोपाठ स्पीकरमधून जानकीमावशींचं शेवटचं गाणं सुरू झालं, बरोबर वेळेवर.

गाडीत बसायच्या आधी प्राची आजीच्या पाया पडली. मी जवळच होते. मावशींनी माझं मनगट धरलं आणि ओठ हलवले. मला काही समजेना. आजीचे ओठ वाचायला प्राची एव्हाना शिकली होती. रडत होती, तरी हसली.

"आजी बोलतंय," ती म्हणाली, "सगला मशीनमदी भरला असता, तं बायांनी तोंडा कशाला उघरली असती?"

म्हणजे ते गाणं राहिलेलं नव्हतं, ठेवलेलं होतं. सगळ्या बायकांना थोडं थोडं येणारं ते एकच होतं म्हणून.

माझ्या चार दिवसांचा भार तेवढ्याने उतरला असं नाही. त्यांचे ते शब्द मी वाया घालवले, ते घालवलेच. पण त्या रात्री मी झोपले.

मुश्ताकभाई पुढे दुकानात आले तेव्हा त्यांना तो ठोकळा दाखवला. त्यांनी तो सवयीने तळहातावर ठेवला, दोनदा वरखाली केला आणि म्हणाले, "अब तो खोल के देखना पड़ेगा, बेटा." तेव्हापासून लोकल डबा मी घेतच नाही. गिऱ्हाइकाला आधी चांगला एसएमपीएस घ्यायला लावते आणि पैसे उरले तर कार्डाचं बघते.

ठोकळा काउंटरवर आहे, बिलं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेला. आणि कुणी जिना चढून येऊन "चांगलं ग्राफिक्स कार्ड द्या" म्हणालं, की मी आधी विचारते, "त्यावर करायचंय काय?" उत्तर येईपर्यंत गप्प बसते. बरेच जण चिडतात, म्हणतात, तुम्हाला काय करायचंय, आहे ते दाखवा. चिडू देत.